वाजवी भाव आणि बोस्टनचा एक सावकार-व्यापारी

व्यापाऱ्याने नफाच घेऊ नये, असे म्हणणारा मनुष्य अद्याप आमच्या पाहण्यात आलेला नाही. आणि वाटेल तेवढा नफा घ्यावा, असे चारचौघांत उघड म्हणणाराही आढळलेला नाही. वाद असतो तो ह्या दोन टोकांच्या मधल्या भूमीचा. शेकडा दहा सुटले तर वाजवी आणि शेकडा पन्नास सुटले तर गैरवाजवी, ही रेघ कोणी ओढावयाची? सरकारने, धर्मगुरूंनी, बाजाराने, की ज्याच्या हाती तराजू आहे त्याच्या मनाने? हा प्रश्न प्रत्येक पेठेत रोज उठतो आणि दुकानाची फळी लागताच झोपी जातो. परंतु सतराव्या शतकात एका इंग्रज व्यापाऱ्यास ह्या प्रश्नाने मरेपर्यंत झोप येऊ दिली नाही. इंग्लंड सोडून अमेरिकेच्या किनाऱ्यावर नवी वसती करावयास गेलेल्या पहिल्या पिढीतील तो एक प्रमुख गृहस्थ. त्याचे नाव रॉबर्ट केन. त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, ते तो साधुपुरुष होता म्हणून नव्हे आणि दुष्ट होता म्हणूनही नव्हे. तो तुमच्याआमच्यासारखाच होता, म्हणून ठेवीत आहो.

केनचा जन्म १५९५ मध्ये इंग्लंडातील विंडसर येथे झाला. बाप खाटकाचा धंदा करी. वडिलार्जित भांडवल काही नव्हते. दहा वर्षांचा असता त्याला लंडनला एका व्यापाऱ्यापाशी उमेदवारीस ठेवण्यात आले. आठ वर्षे त्याने तेथे दुकान झाडण्यापासून वही लिहिण्यापर्यंत सर्व कामे केली, आणि १६१५ मध्ये मर्चंट टेलर्स नामक व्यापारी संघाचा तो रीतसर सभासद झाला. १६१७ मध्ये त्याचे अॅन मॅन्सफील्ड हिच्याशी लग्न झाले. तिची बहीण जॉन विल्सन नावाच्या धर्मोपदेशकास दिलेली होती. हा साडू पुढे बोस्टनच्या मंडळीचा मुख्य पाळक झाला. लंडनमध्ये केनने स्वकष्टाने चांगली पुंजी जमविली. तो प्युरिटन पंथाचा होता. ह्या पंथाच्या लोकांस इंग्लंडच्या राजमान्य धर्मव्यवस्थेत अनेक गोष्टी अशुद्ध वाटत, आणि शुद्ध आचरणाचा समाज नव्या भूमीत उभा करावा अशी त्यांची आकांक्षा होती. ह्या हेतूने १६३० मध्ये बोस्टन शहर वसले. ज्या भूमीवर ते वसले ती ओसाड नव्हती. तेथे मॅसॅच्युसेट नावाचे मूळचे लोक नांदत होते, आणि थोड्याच वर्षांपूर्वी साथीच्या रोगाने त्यांचा भयंकर संहार झाला होता. परंतु नव्या वसाहतवाल्यांनी त्या भूमीस देवाने आपल्यासाठी मोकळी केलेली जागा मानिले.

१६३५ मध्ये केन पत्नी व एकुलता एक मुलगा बेंजामिन यांसह बोस्टनला पोचला. बरोबर दोनतीन हजार पौंडांची मत्ता होती. बहुतेकजण घरदार विकून तुटपुंज्या सामानानिशी येत असता हा मोठाच धनी म्हटला पाहिजे. बाजाराच्या चौकातच त्याने जागा घेतली आणि दुकान थाटले. त्या वेळी वसाहतीत खिळा, सुई, कापड, लगाम, गुंडी, काहीही तयार होत नसे. सारे जहाजाने इंग्लंडाहून येई. १६३० पासून दहा वर्षांत सुमारे वीस हजार माणसे ह्या नव्या इंग्लंडात उतरली. माणसे फार आणि माल थोडा, अशी स्थिती झाली म्हणजे भावांचे काय होते हे व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच. ज्याच्या वखारीत माल आहे तो राजा होतो.

वसाहतीच्या चालकांस हे दिसत नव्हते असे नाही. १६३३ मध्ये त्यांनी नियम केला होता की सुतार, गवंडी इत्यादिकांनी दिवसाला दोन शिलिंगांहून अधिक मजुरी घेऊ नये, आणि इंग्लंडात रोख एक शिलिंगास मिळणाऱ्या मालावर दुकानदाराने चार पेन्सांहून अधिक चढवू नयेत. शिलिंगाचे बारा पेन्स होत असल्याने ही मर्यादा शेकडा तेहतीस नफ्याची झाली. परंतु नियम कागदावर राहिला. मजूर मिळेना, माल येईना, आणि १६३५ मध्ये ह्या आकड्यांच्या मर्यादा मागे घेण्यात आल्या. अवाजवी वागेल त्यास न्यायाधीशांनी तारतम्य पाहून दंड करावा, एवढे मोघम तत्त्व काय ते शिल्लक उरले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सर्व प्रकरणाची मेख येथेच आहे.

बोस्टनमध्ये केनची प्रतिष्ठा झपाट्याने वाढली. १६३७ मध्ये अॅन हचिन्सन नामक विदुषीच्या धर्ममतांवरून वसाहतीत मोठी फूट पडली, तेव्हा तिच्या पक्षाच्या लोकांची शस्त्रे काढून घेऊन ती केनच्या घरी जमा करावी असा हुकूम झाला. पुढच्याच वर्षी, १६३८ मध्ये, त्याच्या पुढाकाराने लष्करी कवाईत शिकविणारी एक तुकडी स्थापन झाली आणि तो तिचा पहिला कप्तान झाला. शस्त्रधारी लोकांचा असा स्वतंत्र संघ पुढेमागे सत्तेस भारी होईल अशी भीती गव्हर्नर विन्थ्रॉप यांस वाटली, तथापि अखेरीस त्यास सनद मिळाली. हा संघ अद्यापही बोस्टनमध्ये नांदत आहे. केन नगराच्या पंचांत व वसाहतीच्या सभेत अनेक वेळा निवडून गेला. देवळात प्रवचन चालू असता तो टिपणे घेत बसे. त्याच्या त्या टिपणवह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. एका हाती जमाखर्चाची वही व दुसऱ्या हाती प्रवचनाची वही, असे हे आयुष्य होते.

अशा भरभराटीच्या समयी, १६३९ च्या नोव्हेंबरात, त्याच्यावर आभाळ कोसळले. मालावर अवाच्या सवा नफा घेतल्याची फिर्याद वसाहतीच्या जनरल कोर्टापुढे आली. जनरल कोर्ट म्हणजे त्या काळी कायदे करणारी आणि न्याय देणारी एकच सभा. आरोप असा होता की काही मालावर तो शिलिंगामागे सहा पेन्सांहून अधिक, काहींवर आठ पेन्सांहून अधिक, आणि किरकोळ जिनसांवर दुपटीहून अधिक नफा घेतो. म्हणजे शेकडा पन्नास, शेकडा सहासष्ट आणि शेकडा शंभर. सोनेरी गुंड्या, घोड्याचा लगाम आणि खिळे, असल्या जिनसा पुराव्यात पुढे आल्या. खिळ्यांचा मामला तर फारच गाजला. गिऱ्हाइकाने प्रथम लहान खिळे नेले, ते पुरेसे लांब नाहीत म्हणून मोठे बदलून घेतले, आणि मोठ्या खिळ्यांचा दर चढा असल्याने वहीतील आकडा आपण दुरुस्त केला, असा केनचा खुलासा होता. आरोप करणारांस त्या खाडाखोडीत निव्वळ लबाडी दिसली.

त्याच्या अपराधास अधिक गडद रंग चढला तो त्याच्या लौकिकामुळे. तो जुना धर्मनिष्ठ, धनवान, एकाच मुलाचा बाप, धर्मासाठी देश सोडून आलेला, आणि पाळकांनी व अधिकाऱ्यांनी पूर्वी ताकीद दिलेला. अशा मनुष्याने तरी असे करावयास नको होते, असे लोक म्हणू लागले. उलट बाजूस, काही अधिकाऱ्यांनी सौम्यपणाची जी कारणे पुढे मांडली ती आजच्या कोणत्याही अर्थशास्त्र्यास मान्य करावी लागतील. नफ्यावर मर्यादा घालणारा कायदा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. टंचाईचा फायदा घेऊन भाव चढविणे ही सर्व देशांतील वहिवाट होती. दोष एकट्या केनचा नव्हता. गुरे विकणारा शेतकरी, धान्य विकणारा कुणबी आणि मजुरी घेणारा कारागीर हेही तेच करीत होते. घेणारा आणि देणारा ह्या दोघांस सारखा वाजवी वाटेल असा भाव ठरविण्याची कसोटी, पुष्कळ खटपट करूनही, कोणास सापडलेली नव्हती.

तथापि जनतेचा क्षोभ मोठा होता. निवडून आलेल्या प्रतिनिधींनी दोनशे पौंड दंडाचा आग्रह धरिला. पुढे तो कमी होत ऐंशी पौंडांवर आला. कोर्टाचे झाल्यावर मंडळीची पाळी आली. काहींचे म्हणणे त्यास बहिष्कृतच करावे असे पडले. अखेर सर्वांसमक्ष कडक निर्भर्त्सना करून सोडण्यात आले. केनने भर सभेत अश्रू ढाळून आपल्या लोभी अंतःकरणाची कबुली दिली, आणि १६४० च्या मे महिन्यात मंडळीने त्यास पुनः पदरात घेतले.

त्या प्रसंगी जॉन कॉटन नावाच्या विद्वान उपदेशकाने व्यापारातील खोट्या तत्त्वांवर एक व्याख्यान दिले. शक्य तितके स्वस्त घ्यावे आणि शक्य तितके महाग विकावे, हे पहिले खोटे तत्त्व. समुद्रात काही माल बुडाला तर उरलेल्या मालावर भाव चढवून तूट भरून काढावी, हे दुसरे. आपण महाग घेतला म्हणून बाजार उतरला असताही महागच विकावा, हे तिसरे. आपल्या कौशल्याचा फायदा घेण्यास जशी हरकत नाही तशी दुसऱ्याच्या अज्ञानाचा अथवा नडीचा फायदा घेण्यासही नाही, हे चवथे. आपल्या अकलेच्या चुकीने आलेली ठोकर व्यापाऱ्याने स्वतः सोसावी, दैवी आपत्तीने आलेली हानीही दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये; मात्र मालाचीच खरी टंचाई असेल तर भाव चढविण्यास प्रत्यवाय नाही, असा त्याचा निर्णय होता.

ह्या निर्णयातील पहिली दोन-तीन कलमे आजचा व्यापारी हसण्यावारी नेईल. कोणी म्हणेल, असा धंदा केल्यास दिवाळे वाजावयास वेळ लागणार नाही. तेही सर्वस्वी खोटे नाही. बाजारभाव म्हणून काही एक वस्तु आहे, आणि स्वस्त घेऊन महाग विकण्यातच व्यापाऱ्याची मेहनत, धोका आणि दूरदृष्टी यांचे मोल त्यास मिळते. परंतु चवथ्या कलमापुढे कोणाही प्रामाणिक मनुष्याने थबकलेच पाहिजे. गिऱ्हाइकास भाव माहीत नाही, अथवा मध्यरात्री औषधाची गरज लागली आहे, अथवा पूर आला आणि गावात एकच दुकान उघडे आहे. अशा वेळी घेतलेला जादा पैसा मेहनतीचा मोबदला नव्हे, दुसऱ्याच्या अगतिकतेवरील कर होय. तीनशेऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या व्याख्यानातील एवढी गोष्ट अद्याप जुनी झालेली नाही.

एकदा पत गेली म्हणजे खऱ्या बाजूलाही साक्षीदार मिळत नाही, ह्याचा अनुभव केनला लवकरच आला. १६३६ मध्ये एक भटकी डुकरीण त्याच्या आवारात आली होती. त्याने रीतीप्रमाणे दवंडी पिटविली. वर्षभर कोणी मालक पुढे आला नाही. त्याच्याजवळ स्वतःचीही एक डुकरीण होती. ती त्याने कापली. त्यानंतर शर्मन नावाच्या एका गरीब बाईने भटक्या डुकरिणीवर हक्क सांगितला. परंतु ती दाखविताच खुणा जुळेनात. तेव्हा कापली तीच माझी, असे तिने म्हणावयास आरंभ केला. मंडळीच्या पंचांनी व पुढे कनिष्ठ कोर्टाने केनला निर्दोष ठरविले. त्याने येथेच थांबावयास हवे होते. परंतु त्याने उलट बदनामीची फिर्याद करून बाई आणि तिचा कैवार घेणारा स्टोरी नामक तरुण व्यापारी यांच्यावर वीस पौंडांची नुकसानभरपाई मिळविली. कायदा त्याच्या बाजूने होता, लोकमत मात्र पार विटले. श्रीमंत कप्तान एका गरीब बाईस एका डुकरिणीपायी नागवितो, एवढेच गावाला दिसले.

१६४२ मध्ये स्टोरीने प्रकरण जनरल कोर्टापुढे नेले. सात दिवस सुनावणी चालली. मते घेतली तेव्हा बाईच्या बाजूस दोन मॅजिस्ट्रेट व पंधरा प्रतिनिधी, केनच्या बाजूस सात मॅजिस्ट्रेट व आठ प्रतिनिधी पडले. सात प्रतिनिधी तटस्थ राहिले. डोकी मोजली तर बाई जिंकली, मॅजिस्ट्रेटांस वेगळे मोजले तर केन जिंकला. मूठभर मॅजिस्ट्रेटांना बहुसंख्य प्रतिनिधींचा निर्णय अडविण्याचा अधिकार असावा की नाही, ह्यावर सारी वसाहत दोन वर्षे भांडत राहिली. अखेर १६४४ मध्ये दोन्ही वर्ग वेगळे बसू लागले, आणि कोणताही ठराव दोन्ही सभांनी मान्य केल्यावाचून पुरा होऊ नये असे ठरले. मॅसॅच्युसेट्सचे विधिमंडळ आजही दोन सभांचे आहे. एवढ्या मोठ्या राज्यघटनेच्या सुधारणेस निमित्त झाली एक हरवलेली डुकरीण! लहान माणसाची लहान तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय असली म्हणजे त्यातून मोठ्या संस्था कशा निपजतात, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

केनचा उत्तरकाळ सुखाचा गेला नाही. १६५२ मध्ये मद्यपानाचा ठपका येऊन त्यास न्यायाधीशाची जागा सोडावी लागली. मुलाचा संसार मोडला आणि तो इंग्लंडला परतला. मनातील जुनी जखम तर भरतच नव्हती. १ ऑगस्ट १६५३ रोजी त्याने स्वहस्ते मृत्युपत्र लिहावयास घेतले, ते संपावयास काही महिने लागले. बोस्टनच्या दप्तरात त्याची नक्कल १५८ पाने भरली. मालमत्तेची वाटणी ही त्यात थोडीच. पानामागून पाने खर्ची पडली ती चौदा वर्षांपूर्वीच्या त्या खिळ्यांच्या, गुंड्यांच्या आणि लगामाच्या हिशोबावर. आपण कोणकोणत्या वह्या ठेवितो, त्यात काय काय नोंदतो, हे सारे त्याने तपशिलाने लिहिले, आणि ज्यांस शंका असेल त्यांनी त्या उघडून पाहाव्या असे सुचविले. ज्या नफ्याबद्दल आपल्यास दंड झाला त्याहून जास्त नफा पुढे इतर लोक राजरोस घेऊ लागले आणि त्यांस कोणी हटकले नाही, ही त्याची मुख्य खंत होती. दंडाचे ते ऐंशी पौंड कोर्टाने परत करावे, अशीही त्याची अपेक्षा होती. १६३९ मध्ये ज्याने भर सभेत रडून अपराध कबूल केला, त्यानेच १६५३ मध्ये आपण निरपराध असल्याचे पाने भरभरून लिहिले. ह्यातील खरा केन कोणता? आमच्या मते दोन्ही खरे. दडपणाखाली गळालेले अश्रू खोटे नसतात, परंतु त्यांनी मनाची खात्री पटलेली नसते. आणि खात्री पटविल्यावाचून दिलेली शिक्षा मनुष्यास सुधारीत नाही, नुसती सलत राहते.

२३ मार्च १६५६ रोजी तो वारला. मृत्युपत्रात त्याने नगरासाठी तीनशे पौंड ठेविले होते. खाली बाजार भरावा, वर न्यायसभेस व नगरसभेस जागा असावी, एक ग्रंथालय आणि शस्त्रागारही असावे, अशी इमारत बांधण्याची त्याची योजना होती. हार्वर्डच्या विद्यालयास व गरिबांसही त्याने देणग्या दिल्या. नागरिकांनी वर्गणीची भर घातली आणि १६५८ मध्ये बोस्टनचे पहिले नगरगृह पुरे झाले. १७११ च्या आगीत ते जळाले. त्याच जागी १७१३ मध्ये उभी राहिलेली विटांची इमारत आजही उभी आहे. १८ जुलै १७७६ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा बोस्टनकरांनी ऐकला तो तिच्याच सज्जातून. ज्या गावाने ज्याची निर्भर्त्सना केली, त्या गावाची चावडी त्याच्याच पैशाच्या पायावर उभी राहिली.

ह्या चरित्रातून आम्ही तीन गोष्टी वाचकांच्या पदरी घालू इच्छितो. पहिली कायदा करणारांसाठी. मर्यादा अगोदर ठरवा, ती सर्वांस सारखी लावा, आणि मग मोडणारास शिक्षा करा. मर्यादा मागे घेऊन, सर्वजण तेच करीत असता, एकाच ठळक माणसास पकडून दंड केल्याने भाव उतरत नाहीत. जनतेचा राग मात्र तात्पुरता उतरतो. बोस्टनमध्येही १६४० नंतर इंग्लंडाहून नवीन माणसे येण्याचे थांबले तेव्हा गुरांचे भाव धडाधड कोसळले. केनच्या ऐंशी पौंडांनी जे साधले नाही ते मागणीच्या ओहोटीने एका हंगामात केले.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्यांसाठी. स्वच्छ वही हे मोठे शस्त्र आहे, परंतु ते अर्धेच शस्त्र आहे. केनच्या वह्या बिनचूक असतीलही. तथापि ज्या भावाने माल गेला तो भाव गिऱ्हाइकाच्या नडीतून आला की मालाच्या खऱ्या तुटीतून आला, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. ते विकणारासच ठाऊक असते. मरणानंतर दिलेल्या देणगीने नगरास चावडी मिळते, आणि ती कृतज्ञतेने घ्यावी. परंतु ज्या सुताराने चढ्या दराने खिळे नेले त्याच्या खिशात त्यातील एक पेन्सही परत जात नाही. दान आणि परतफेड ह्या निराळ्या गोष्टी आहेत. आयुष्यभर वाजवी भाव घेणे हेच व्यापाऱ्याचे पहिले दान होय.

तिसरी गोष्ट सर्वांसाठी. ह्याच केनच्या घरात आफ्रिकन वंशाची माणसे गुलाम म्हणून राबत होती आणि त्याच्या मालमत्तेत मोजली जात होती. लगामाच्या किमतीवर ज्या न्यायसभेने काथ्याकूट केला, आणि गुंड्यांच्या भावावरून ज्या मंडळीने त्याची निर्भर्त्सना केली, त्यांपैकी कोणीही त्यास ह्याबद्दल एक शब्द विचारला नाही. आणि स्वतःस निर्दोष ठरविण्यासाठी १५८ पाने लिहिणाऱ्या केनलाही एका ओळीने त्याचे समर्थन करण्याची गरज वाटली नाही. प्रत्येक काळाची सदसद्विवेकबुद्धी काही ठिकाणी अतिशय तीक्ष्ण आणि काही ठिकाणी पार बधिर असते. बोस्टनकरांचा हा बधिरपणा आपणांस आज सहज दिसतो. आपला कोणता बधिरपणा पुढची पिढी दाखवून देईल, ह्याचा विचार रात्री जमाखर्च मिळवितांना घटकाभर करणे, हे शहाण्या दुकानदाराचे आणि शहाण्या नागरिकाचे काम आहे.